पाणी देणारीचं नाव

१

शाळा साडेचारला सुटते. सप्टेंबरचा तो पूर्ण महिना मी दप्तर घरी टाकून, तोंड धुऊन, पाचच्या आत समाजमंदिराच्या ओट्यावर जाऊन बसायची. तिथे सत्यभामा मॅडमची गाडी यायची. त्या मला परीक्षेला नेतात तसं पॅड द्यायच्या, त्याला कोरे फॉर्म लावलेले असायचे, आणि आम्ही घरोघर निघायचो. त्या विचारायच्या, मी लिहायची.

आमचा तांडा फुलसावंगीपासून चार किलोमीटरवर आहे. त्रेचाळीस घरं. मागच्या वर्षी फवारणीच्या दिवसांत त्यातल्या एकोणीस घरांत कोणाला ना कोणाला औषध लागलं. औषध म्हणजे पऱ्हाटीवर, कपाशीवर मारतात ते. आमच्याकडे त्याला दुसरा शब्द नाही. कोणाला दिसेनासं झालं, कोणाच्या हातातून पाण्याचा ग्लास सुटायला लागला, दोघं जण यवतमाळच्या दवाखान्यात बारा दिवस होते. हे का झालं ते शोधायला मॅडम आल्या होत्या. त्या डॉक्टर आहेत, पण तपासत नाहीत. रोग कोणाला होतो, कुठे होतो आणि कोणतं काम केल्यावर होतो, ते त्या मोजतात. "मी सुई टोचत नाही, प्रश्न टोचते," असं त्या प्रत्येक घरी सांगायच्या. त्या बाभुळगावच्या असल्यामुळे लोकांना त्यांचं बोलणं परकं वाटायचं नाही.

मला त्यांनी का निवडलं ते सांगते. शाळेत येऊन त्यांनी तांड्यातल्या मुलींच्या वह्या पाहिल्या. माझ्याहून हुशार मुली होत्या. पण माझ्या वहीवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "ही बोलत नाही वाटते. मग हीच पाहिजे." मी अकरावीत आहे. उत्तर येत असलं तरी वर्गात माझा हात वर जात नाही.

पहिलं घर खेमसिंग दादांचं. त्यांच्या एका डोळ्याने अजूनही धुरकट दिसतं.

"वजन किती, दादा?"

"लिवा साठ. खरं लिवसान त लालीबाई भाकर कमी करन."

लालीबाई काकी दारात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "अन् हे धनसिंगची ममता पाहा. तोंडातून शब्द नाई, नुसती लिवून राह्यली. पोलीस पाटलीन होते का वं?"

मी पॅडमध्ये डोकं घातलं. मॅडम हसल्या आणि पुढे विचारत गेल्या. किती पंप मारले, वारा कोणत्या बाजूचा होता, हात कशाने धुतले. मग प्रश्न चौदा.

"फवारताना पाणी कोणी आणून दिलं? नाव, वय, नातं."

"होती एक बाई."

"कोण?"

"देवीलालच्या घरून आलती. हंडा धुऱ्यावर ठेवे अन् जाये. नाव कायले इचारू मी?"

मी नावाची जागा सोडली. देवीलाल काकांचं घर तिसरंच होतं, तिथे विचारता येणार होतं.

"माह्या घरून?" देवीलाल काका म्हणाले. "नाई जी. माही बायको बाळंतीण होती तवा. थे फुलसिंग नायकाकडची. त्यायच्याकडं मजूर लय."

फुलसिंग नायक, म्हणजे तांड्याचे प्रमुख, खुर्चीत बसून मोबाइल पाहत होते. त्यांनी मान वर केली नाही. "आपल्याकडची कुठं? थे खेमसिंगच्या घरची पावणी होती."

मी मागचं पान उलटून पाहिलं. मला हसू आलं. तेव्हा मला खरंच हसू आलं होतं.

२

त्रेचाळीस घरं संपली तेव्हा मी घरी खाटेवर फॉर्म पसरून पाहिले. चोवीस घरांत प्रश्न चौदाला नाव होतं. बायको, बहीण, सून, मुलगी. त्या चोवीस घरांत कोणाला काही झालं नव्हतं. एकोणीस फॉर्मवर नावाची जागा रिकामी होती, आणि तीच ती एकोणीस घरं होती.

माणसं जे बोलली ते मी बाजूला बारीक अक्षरात टिपून ठेवलं होतं. बोलत नव्हती. हंडा धुऱ्यावर, म्हणजे बांधावर ठेवायची, पिकाच्या तासात पाय घालायची नाही. तोंडावर पदर होता, पण औषधाच्या वासाने सगळ्याच बायका पदर घेतात. कोणाच्या तरी घरची होती. हे शेवटचं वाक्य एकोणीस वेळा होतं. प्रत्येकाची खात्री होती की ती शेजारच्याकडची आहे.

मी मॅडमना दाखवलं. समाजमंदिराच्या खोलीत पंखा फिरताना दर फेरीला टक् असा आवाज करतो. तो आवाज पाच-सहा वेळा झाल्यावर त्या म्हणाल्या, "आठवणीची चूक असते ही. वर्षापूर्वीचं विचारलं की माणूस दुसऱ्यानं सांगितलेलं स्वतःचं म्हणून सांगतो. एकानं म्हटलं बाई होती, की सगळ्यांना बाई दिसते."

"पण ज्यांना लागलं त्यांनाच, मॅडम?"

मी एवढं बोलले याचं मलाच नवल वाटलं. त्यांनी चष्मा काढला.

"गिट्टीच्या खाणीत, वीटभट्टीवर, जिनिंगमध्ये, तीस वर्षं मी हेच करून राह्यली," त्या म्हणाल्या. एरवी त्या माझ्याशी पुस्तकातलं बोलायच्या, थकल्या की असं बोलायच्या. "आधी आम्ही पुरुषांचे फुप्फुसं मोजायचो. त्यांचे कपडे झटकणारी बाई कोणी मोजत नव्हतं. म्हणून चौदावा प्रश्न मीच टाकला. प्रत्येक ठिकाणी एक बाई मोजायची राहून जाते, ममता."

त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं. तरी 'एक' हा शब्द माझ्या कानात राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यांना मीटिंगसाठी यवतमाळला जायचं होतं. निघताना म्हणाल्या, "एकोणीस घरी परत जा. नीट विचार. रिकामी जागा असली तर फॉर्म कॉम्प्युटर घेत नाही. आणि पाणी देणाऱ्या बायांची तपासणी आपण महागावला फुकट करणार आहोत, रक्ताची सुद्धा, हे सांग. म्हणजे नाव सांगतील."

मी रविवारी दुपारी निघाले. खेमसिंग दादांच्या दारापर्यंत गेले. आत टीव्ही चालू होता, लालीबाई काकी कोणाशी तरी हसत होत्या. मी कडी वाजवायला हात उचलला आणि तो तसाच खाली घेतला. एकटीने एकोणीस दारं वाजवणं माझ्याने झालं नसतं.

घरी आले. याडी, म्हणजे माझी आई, डोक्याला फडकं घट्ट बांधून भिंतीला टेकून बसली होती. तिचं डोकं दोन वर्षांपासून दुखतं. बा दर वेळी म्हणतो, सोयाबीन निघालं की नेतो. आमच्या वावरात पाणी तीच देते. आमच्या घरी कोणाला काही झालं नव्हतं, आणि आमच्या फॉर्मवर तिचं नाव मी आधीच लिहिलं होतं. पण मला वाटलं, एका घराच्या फॉर्मवरून कोण बोलावणार? जास्त फॉर्मवर नाव असलं तर तिला आधी बोलावतील.

मी पेन घेतलं. हंसाबाई धनसिंग आडे, वय ४१. नात्याच्या जागी 'शेजारी'. एकोणीस वेळा, एकसारख्या अक्षरात.

३

मंगळवारी नळावर लालीबाई काकी म्हणाल्या, "हंसे, मांगच्या साली तुनं पाणी दिलं म्हणून पुरलं वं आमचं. नाईतर मजूरच भेटत नोयता."

फॉर्म माझ्या दप्तरात होते. दप्तर माझ्या उशाशी होतं. ते कोणी पाहिले नव्हते.

याडी हसली. "मी कुठं आलती वं तुह्या वावरात? मी महागावले गेलती त्या दिवशी, बाजाराले."

"घ्या! विसरली बाई. हंडा धुऱ्यावर कोण ठेवे मंग?"

मला वाटलं, योगायोग आहे. मी त्या एकोणीस घरांत मॅडमसोबत 'हंसाबाई' हा शब्द कधी उच्चारला का ते आठवून पाहिलं. आठवणीची चूक असते, असं स्वतःला सांगितलं. पण बुधवारी देवीलाल काका तेच म्हणाले, आणि गुरुवारी नायकाची सून. गुरुवारी याडी हसली नाही. ती म्हणाली, "आलती असन."

त्या संध्याकाळी ती चुलीपुढे बसून हात धूत होती. आधी साबणाने, मग राखेने. मी पीठ मळत होते. आम्ही घरात गोर बोली बोलतो, ती त्याच बोलीत म्हणाली, "नायकाच्या विहिरीची तिसरी पायरी तुटली आहे. तिथे पाय घसरतो."

"तू कधी गेलीस तिथे?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "गेले नाही," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "पण घसरतो." आणि पुन्हा राख घेतली. तिच्या हातांना वास येत होता. गोडसर, घशात बसणारा, औषधाचा. त्या आठवड्यात ती वावरात गेलीच नव्हती.

शुक्रवारी नळावर तिच्या मागच्या बाईने तिचा हंडा निघाल्यावर तोटी धुतली आणि मग आपला लावला. शनिवारी सकाळी देवीलाल काकांच्या घरी पोराच्या जावळाचा कार्यक्रम होता. याडीने पाण्याचं पिंप भरून दिलं. माणसं जेवली, घामाघूम झाली, पण त्या पिंपातला एक पेला कोणी घेतला नाही. एकोणीस घरांतली माणसं भिंतीकडेला उभी राहून बाटल्यांतलं पाणी पीत होती. खेमसिंग दादा डोळा पुसत म्हणाले, "हिच्याच हातचं पाणी होतं त्या दिवशी." ते हळू बोलले, पण मंडपात तेव्हा दुसरं कोणी बोलत नव्हतं.

जेवणं आटोपल्यावर नायक माझ्या बाला म्हणाले, "धनसिंग, हंसाबाईले काही दिवस माहेरी पाठव. लोकं बोलून राह्यले. सोमवारी सकाळची एसटी पाहा."

"काही दिवस म्हणजे किती, नायक?"

"आता थे मी कसं सांगू?"

बा खाली मान घालून चप्पल शोधत राहिला. चप्पल त्याच्या पायातच होती.

४

त्याच दुपारी याडी घरी येऊन खाटेवर झोपली. तिचा चेहरा भिंतीकडे होता. तिने जांभळी साडी नेसली होती, पदराला मी घातलेली टीप दिसत होती. मी भावाचा, सुनीलचा, डबा घेतला आणि तिच्या अंगावर गोधडी टाकून निघाले. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण नंतर मी हे पुष्कळ वेळा तपासलं. मी निघाले तेव्हा ती खाटेवर होती.

वावरात सुनील फवारत होता. बॅटरीच्या पंपाचा आवाज लांबूनच येतो, डबीत माशी अडकल्यासारखा. पऱ्हाटी छातीइतकी झाली होती. तो तासात पाठमोरा चालत होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पांढरट धुकं पडत होतं.

धुऱ्यावर एक बाई वाकली होती. हंडा खाली ठेवत होती. साडी जांभळी होती.

मी "याडी" म्हटलं. माझा आवाज लहान आहे, पण वारा तिच्याकडेच वाहत होता. तिने मान वळवली नाही. हंडा ठेवला, थोडा फिरवला, जमिनीत नीट बसवतात तसा. तिच्या पदराला टीप होती. ती सुईने घातल्यासारखी वाटत नव्हती. पेनाने रेघ ओढावी तशी होती.

सुनील तासाच्या टोकाला आला. पंप उतरवून, न पाहताच त्याने हात हंड्याकडे नेला. मी डबा टाकून धावले आणि हंडा पायाने लोटला.

"येडी झाली का वं ममते!" तो ओरडला. "एवढं पाणी! आता कोण आणन, तुहा नवरा?"

"पाणी कोणी आणलं?"

"याडीनं. अजून कोणी?"

मी वर पाहिलं. धुरा सरळ आहे, ओढ्यापर्यंत सगळं दिसतं. तिथे कोणी नव्हतं. हंडाही आमचा नव्हता. सुनील म्हणाला, शेजारच्याचा असेल.

वावर ते घर हे चालत पंधरा मिनिटांचं अंतर आहे, मी सात मिनिटांत गेले. याडी खाटेवर होती, तशीच, भिंतीकडे तोंड करून. मी गोधडी पायाकडून उचलली. तिच्या तळव्यांना ओला काळा चिखल होता.

५

मॅडम रविवारी आल्या. मी त्यांना ओट्यावर थांबू दिलं नाही, खोलीत नेलं, दार लोटलं, आणि सगळं सांगितलं. मी आयुष्यात एका वेळी इतकं कधीच बोलले नव्हते. पंखा टक् टक् करत होता.

त्या रागावल्या नाहीत. फॉर्म एकेक करून पाहिले. एवढंच विचारलं, "हे नाव तुला कोणी सांगितलं?"

"कोणीच नाही."

"मीही एक रिकामी जागा भरली होती," त्या म्हणाल्या. "जिनिंगच्या अभ्यासात. नवीन होती मी. साहेब रागावतील म्हणून भरली."

"कोणाचं नाव लिहिलं?"

 फॉर्मचा कोपरा दुमडला होता, तो त्या सरळ करत बसल्या.

"मग तुम्ही ते खोडलं नाही?"

"फॉर्म पुण्याला गेले होते तोवर." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुझे इथेच आहेत."

मी दप्तरातून व्हाइटनर काढलं. त्यांनी माझा हात धरला. आमच्या कामात पुसत नाहीत, असं त्यांनी समजावलं. पुसलं तर आधी काय होतं ते कळत नाही. चुकीच्या शब्दावर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. आणि बाजूला, ज्याने खोडलं त्याने आपलं पूर्ण नाव लिहायचं, सही करायची, तारीख टाकायची. नाहीतर खोडलेलं धरत नाहीत.

"मी करते," असं म्हणून त्यांनी पेनाचं टोपण काढलं. पहिल्या फॉर्मवर रेघ ओढण्याआधी त्यांचा हात थांबला. बराच वेळ थांबला. पेनाच्या टोकाखाली शाईचा एक ठिपका झाला. मी तो ठिपका पाहत होते, आणि मला उद्या सकाळची एसटी दिसत होती.

"भरलं मी आहे, मॅडम," मी म्हटलं.

त्यांनी पेन माझ्या हातात दिलं. फार लवकर दिलं. मग उठून खिडकीशी गेल्या आणि माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

हंसाबाई धनसिंग आडे, तिच्यावर रेघ. बाजूला, ममता धनसिंग आडे. सही. तारीख. त्या ओळीत तेवढीच जागा होती, नाव पुरेपूर बसलं. एकोणीस वेळा.

६

सोमवारी सकाळी याडी माझ्या आधी उठली होती. डोक्याला फडकं नव्हतं. नळावर तिने लालीबाई काकींना गाठलं. "महागावले गेलती मी त्या दिवशी, तुह्यासाठी ब्लाऊजचा कपडा आणला नोयता का? घालून फिरतं अन् म्हणतं मी वावरात होती!"

लालीबाई काकी तोंडावर हात ठेवून हसल्या. "हो ना वं माय! निळा कपडा! मंग थे कोण होती?"

"असन कोणाकडची."

नायकांनी बाला निरोप पाठवला, राहू द्या म्हणून. बाने दोन वेळा विचारून खात्री केली आणि मग याडीसाठी भरलेली पिशवी रिकामी केली. मी घरामागे जाऊन रडले. आनंदाने रडले. शाळेला जाताना वाटेत खेमसिंग दादा भेटले. त्यांनी मला जवळ बोलावून नीट पाहिलं. मी जन्मल्यापासून ते मला ओळखतात.

"कोणाच्या घरची वं तू, पोरी?"

त्यांचा डोळा खराब आहे, मी स्वतःला सांगितलं. मी माझं नाव सांगितलं. ते मान हलवत राहिले, जसे न कळलेल्या गोष्टीला हलवतात.

वर्गात सरांनी हजेरी घेताना माझ्या नंबरावर थांबून पान उलटं-सुलटं केलं. बुधवारी देवीलाल काकांची बायको मला म्हणाली, "काल पाणी दिलं, लय बरं झालं, बाई." काल मी शाळेत होते. हजेरीत आहे. मी सरांना विचारून पाहून आले. तरी माझ्या हातांना वास येतो, साबणाने जात नाही. राखेने थोडा जातो. मॅडमना तीन वेळा फोन केला. रिंग पूर्ण वाजते.

याडीचं डोकं आता दुखत नाही. ती कामाला जाते, गाणं म्हणते, जाडही झाली आहे थोडी. तिला हे काही सांगणार नाही, असं मी ठरवलं आहे. सांगितलं तर ती मॅडमकडे जाईल, फॉर्म मागेल, आणि माझ्या नावावर रेघ मारून बाजूला स्वतःचं लिहील. मला तिचा स्वभाव माहीत आहे.

मागच्या गुरुवारी संध्याकाळी ती वावरातून आली, तेव्हा मी तिला तांब्या दिला. "ठेव बाई तिथं," ती म्हणाली. मराठीत म्हणाली. आम्ही घरात मराठी बोलत नाही. मग तिचं तिलाच हसू आलं, आणि ती आमच्या बोलीत म्हणाली, "तू आहेस होय ममता."

आजही मी तांब्या दिला. तिने घेतला. तिने पूर्ण तांब्या पिऊन खाली ठेवला, पदराने तोंड पुसलं, आणि ती अजून माझ्याकडे पाहत आहे.